रिपोर्ट द्राक्षाचा निघतो, हाताचा नाही

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जोरात असते. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठींना, पेस्ट लावायची. या कामाला सगळे पेस्टिंगच म्हणतात. बादलीत पाणी, त्यात हायड्रोजन सायनामाईड, आणि कुठला डोळा झाला नि कुठला राहिला ते दिसावं म्हणून थोडा लाल रंग. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात स्पंज घेऊन ओळीने पुढे सरकतात. एकेक डोळा दाबून ओला करायचा. हातमोजे दिलेले असतात. दुपारपर्यंत एक तरी बोट फाटतं, आत घाम साचतो, आणि मग मोजा कमरेला खोचला जातो. संध्याकाळी हौदावर हात धुताना पाणी गुलाबी होतं. दोन-तीन दिवसांनी बोटांच्या पेरांवरची कातडी सुटायला लागते.

मुकादम एक सूचना न चुकता देतो: आज-उद्या दारूला शिवायचं नाही. घरच्या गड्यांनाही सांगतो. त्याचं कारण पक्कं आहे. हे रसायन अंगात गेलं की दारू पचवणारी शरीराची यंत्रणा अडते. मग तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, चक्कर येते, श्वास लागतो. आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

युरोपीय संघाने या हायड्रोजन सायनामाईडची मान्यता 2008 सालीच काढून घेतली. त्यामागचं एक मोठं कारण होतं ते हाताळणाऱ्या माणसाच्या तब्येतीची काळजी. म्हणजे स्पेन किंवा इटलीतल्या बागेत ते लावायला बंदी. पण त्याच डोळ्यातून फुटलेला घड फेब्रुवारीत न्हावा शेवा बंदरातून निघतो आणि नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतो, तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. अडवायला कायद्याने कारणही नाही. पेस्ट लागते ती पान-फूल काही नसलेल्या काडीवर, माल काढण्याच्या चार महिने आधी. मण्यात तिचा अंशही सापडत नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट स्वच्छ येतो, आणि तो खराच असतो.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या रिपोर्टबद्दलच आहे. परदेशातलं गिऱ्हाईक जे मागतं, तेवढंच आपल्या निर्यातीत मोजलं जातं. ज्याची मागणी तिकडून येत नाही ते आपल्या शिवारात, विहिरीत आणि मजुराच्या अंगावर राहतं. आणि दिल्लीतून जी व्यापाराची बोलणी होतात, त्यांत या राहिलेल्या भागाबद्दल बोलायला आपण कोणाला पाठवतच नाही.

आधी हे पेस्टिंग हवंच कशाला, ते सांगतो. द्राक्षाच्या डोळ्याला फुटायला थंडी लागते. नाशिकची थंडी आपल्याला कडाक्याची वाटली तरी वेलीला ती पुरत नाही. पेस्ट लावली नाही तर दहा डोळ्यांतले चार आज फुटतात, तीन आठवड्याने, तीन फुटतच नाहीत. घरी खायला किंवा गावच्या बाजाराला तसा माल चालला असता. युरोपच्या सुपरमार्केटला चालत नाही. त्यांना एका आठवड्यात, एका मापाचे, एका रंगाचे, सारख्या गोडीचे घड कंटेनरभर हवेत. आपली खिडकी आहे फेब्रुवारी ते एप्रिल. दक्षिण आफ्रिका, चिलीचा माल सरत आलेला असतो आणि युरोपचा स्वतःचा हंगाम लांब असतो, त्या मधल्या फटीत आपण घुसतो. या फटीसाठी सगळं कॅलेंडर उलटं मोजत यावं लागतं: कंटेनर कधी भरायचा, म्हणून छाटणी कधी, म्हणून पेस्टिंग कधी. मार्चमध्ये ॲमस्टरडॅमच्या कोणा घरात अर्ध्या किलोचा डबा उघडला जातो. त्या घराने हायड्रोजन सायनामाईड मागितलेलं नाही. त्याने मागितलं आहे ते मार्च महिन्यातलं एकसारखं, हिरवं, बिनबियांचं द्राक्ष. बाकीचं सगळं त्या मागणीच्या पोटात आपोआप येतं.

मी हे बाहेरच्या माणसासारखं लिहीत नाही. आमच्या घरी साडेतीन एकर बाग आहे, माझं शिक्षण तिच्यावर झालं, आणि आमच्या बागेतही पेस्टिंग होतं. एक्सपोर्टने या जिल्ह्याला काय दिलं ते मी पाहिलंय. 2023-24 साली देशातून सुमारे 3 लाख 44 हजार टन ताजी द्राक्षं बाहेर गेली, किंमत साधारण 3,460 कोटी रुपये, आणि यात सगळ्यात मोठा वाटा नाशिकचा. त्या पैशावर बंगले झाले, पोरं इंजिनीअर झाली, पॅकहाऊसमध्ये हजारो बायांना चार महिने सावलीतलं काम मिळालं. निर्यात बंद करा असं म्हणणारा माणूस मला भेटला तर मीच त्याच्याशी भांडेन.

गिऱ्हाइकाच्या मागणीत किती ताकद असते, हे आम्ही 2010 मध्ये पाहिलं. वेलीची वाढ आवरायला बागायतदार सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वापरत होते. युरोपने त्याच्या अवशेषाची मर्यादा कडक केलेली होती आणि इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. कंटेनर तिकडे पोहोचले आणि बंदरांवर अडकले. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत संध्याकाळी कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. वडिलांचा हिशोब एका निर्यातदाराकडे दोन वर्षं लोंबकळत राहिला, आणि शेवटी हाती आलं ते ठरलेल्याच्या निम्म्याहून कमी. पण पुढच्याच हंगामापासून काय झालं ते पाहा. सीसीसी यादीत आलं. निर्यातीच्या बागांतून त्याचा वापर आवरला. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, नमुन्याचा रिपोर्ट, आणि रिपोर्टशिवाय गाडी हलत नाही, ही ग्रेपनेटची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीची, शिस्त त्याआधीच सुरू झालेली होती; ती आता अंगात मुरली. डब्यावरच्या आकड्यावरून माल कोणत्या प्लॉटचा हे रॉटरडॅमला कळतं. जी गोष्ट वर्षानुवर्षं शिबिरं आणि पत्रकं करू शकली नव्हती, ती एका फेटाळलेल्या हंगामाने केली.

म्हणून मागणीला मी वाईट म्हणत नाही. मागणी अर्धवट आहे, हे माझं म्हणणं आहे. रिपोर्ट मण्याचा निघतो. हाताचा निघत नाही, विहिरीचा निघत नाही.

यावर निर्यातीतली जाणकार मंडळी मला ग्लोबलगॅप या शेतीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची आठवण करून देतील, आणि ती रास्त आहे. त्या प्रमाणपत्राच्या वहीत फवारणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, मास्क-मोजे दाखवावे लागतात, औषधांची खोली कुलपात लागते. आमच्या बागेत हात धुवायचा साबण आणि प्रथमोपचाराची पेटी आली ती त्या वहीमुळेच. पण कंटेनर थांबतो कशाने? मण्यात अवशेष सापडला तर थांबतो. बाईच्या हाताची कातडी सोलली म्हणून आजवर एकही कंटेनर थांबलेला मी ऐकलेला नाही. ज्याने पैसे अडकतात तो नियम माणूस पाळतो. बाकीचे नियम ऑडिटच्या दिवशी पाळले जातात, आणि यात आम्हीही आलो.

विहिरीचं गणित मी एकदा वहीत मांडून पाहिलं. शेतमालासोबत तो पिकवायला लागलेलं पाणीही परदेशी जातं, या कल्पनेला ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी 'आभासी पाणी' असं नाव दिलं. त्यासाठी त्यांना 2008 सालचा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. एक किलो द्राक्षाला जगाच्या सरासरीने सुमारे 610 लिटर पाणी लागतं. यात पावसाचं पाणी धरलेलं आहे, आणि ठिबकवर काटकसरीने चालणाऱ्या बागेचा आकडा वेगळा निघेल, म्हणून हा अंदाजच समजायचा. तरी 3 लाख 44 हजार टनांना 610 लिटरने गुणलं तर साधारण 7.4 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात. नाशिक शहराला पाणी पाजणारं गंगापूर धरण काठोकाठ भरलं तरी त्यात साडेपाच टीएमसीच्या आसपास पाणी असतं.

2023 च्या दिवाळीच्या तोंडावर जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा इथे काय वातावरण होतं ते आठवा. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पुढारी पक्ष विसरून एका मंचावर आले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आणि शहरांना ते पाणी द्यायला आपल्या जिवावर आलं. जवळजवळ तेवढंच पाणी दर वर्षी पांढऱ्या पेट्यांतून समुद्रापार जातं, त्याबद्दल कुठल्याही सभेत शब्द निघत नाही. त्या पाण्याला दाम मिळतो, हे खरं. पण दाम द्राक्षाचा मिळतो. खाली गेलेल्या बोअरचा, प्लास्टिक अंथरून जमिनीखालच्या पाण्याने भरलेल्या शेततळ्याचा, आणि शेजारच्या कोरडवाहूवाल्याच्या आटलेल्या विहिरीचा भाव त्यात धरलेलाच नाही. पाण्याचा दाखला युरोपने अजून सक्तीने मागितलेला नाही. मागितला तर आपण तीन वर्षांत देऊ, हे सीसीसीने सिद्ध केलं आहे. मग त्यांनी मागायची वाट का पाहायची?

आता कांद्याकडे येतो, कारण तिथे चित्र उलटं आहे. द्राक्षात परदेशी गिऱ्हाईक आपल्यावर नियम घालतं. कांद्यात आपलं देशी गिऱ्हाईक शेजारी देशांशी असलेले संबंध हलवतं. दिल्ली-मुंबईत किलोचा भाव चढला की लासलगाव-पिंपळगावच्या लिलावावर त्याची सावली पडते. 2019 च्या सप्टेंबरअखेर निर्यातबंदी आली, 2020 च्या सप्टेंबरात पुन्हा आली. 2023 च्या ऑगस्टात 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरात टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात सरसकट बंदी. ती उठली मे 2024 मध्ये, आणि उरलेलं शुल्क जायला एप्रिल 2025 उजाडला. 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी भर सभेत हिंदीतून सांगितलं की तुम्ही कांदा का बंद केला कळत नाही, मी तर स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालायचा नाही असं सांगून टाकलं. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून आणला असता, असंही त्या म्हणाल्या. सभागृह हसलं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ढाक्यात विमानाने कांदा उतरला.

विमानाने कांदा! शेजारच्या जिल्ह्यात न्यावा तसा आपला कांदा ट्रकने आणि रेल्वेने सीमा ओलांडतो. त्याच्याऐवजी परदेशातून आकाशमार्गे कांदा यावा, यात जळालेल्या इंधनाचा हिशोब कोणी ठेवला? आणि इकडे चाळीत साठवलेला कांदा कोंब फुटून, काजळी धरून सडत होता. तो पिकवायला लागलेलं पाणी, खत, वीज सगळं मातीमोल. एका शहरी गिऱ्हाइकाला महिनाभर दिलासा द्यायला आपण शेजाऱ्याचा भरवसा घालवला, शेतकऱ्याला बुडवलं आणि निसर्गाचंही नुकसान केलं. पुढे 2023-24 च्या बंदीच्या काळात दिल्लीने मित्रदेशांना कांदा 'दिला', म्हणजे बांगलादेश, श्रीलंका, भूतान, बहारीन, मॉरिशस, अमिरात यांना सरकारमार्फत कोटा ठरवून दिला. बाजारातला माल असा परराष्ट्र खात्याची भेटवस्तू झाला. शेतकऱ्याला त्या भेटीत विचारलं कोणी नव्हतं.

पुन्हा रसायनांकडे. कारण तिथे मुत्सद्देगिरीने काय होऊ शकतं आणि आपण काय केलं, हे दोन्ही दिसतं. एंडोसल्फान या कीडनाशकाने केरळच्या कासारगोडमध्ये माणसांच्या तब्येतीचं काय केलं ते देशाने पाहिलं होतं. जगभर त्यावर बंदी घालायची चर्चा चालली तेव्हा भारत वर्षानुवर्षं विरोध करत राहिला, कारण त्याचा सगळ्यात मोठा उत्पादक आपणच होतो. 2011 च्या एप्रिलमध्ये आपण सवलती पदरात पाडून मान्यता दिली, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी आणली. परदेशातल्या टेबलावर आपला माणूस कारखान्याच्या बाजूने बसला होता. कासारगोडच्या बाजूने कोर्टाला बसावं लागलं.

2017 साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वेळी ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत डायफेन्थियुरॉन होतं. ते स्वित्झर्लंडमध्ये वापरायला बंदी होती, पण तिथून भारतात येत होतं. तिथल्या नागरिकांनी आणि संस्थांनी विषय लावून धरला, आणि 1 जानेवारी 2021 पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाट यांच्यासह पाच कीडनाशकांची निर्यातच बंद केली. फ्रान्सने 2022 पासून, स्वतःकडे बंदी असलेली कीडनाशकं बाहेर पाठवायला मनाई केली. युरोपीय संघातून मात्र 2018 या एका वर्षात अशा बंदी असलेल्या कीडनाशकांच्या 81 हजार टनांहून जास्त निर्यातीला परवानगी मिळाली होती. घातक रसायनं पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती घ्यावी, असा एक आंतरराष्ट्रीय करार 1998 मध्ये झाला. त्याचं नाव रॉटरडॅम करार. आमची द्राक्षं जिथे उतरतात तेच हे गाव.

युरोपने आणखी एक पाऊल उचललं, त्याकडे इथे पुरेसं लक्ष गेलं नाही. क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम या दोन औषधांच्या अवशेषाची मर्यादा त्यांनी 2023 च्या नियमाने जवळजवळ शून्यावर आणायचं ठरवलं, लागू होण्याची तारीख 7 मार्च 2026. यातलं थायमेथोक्झाम आमच्याकडे थ्रिप्स-तुडतुडे या किडींसाठी फवारलं जातं. नवं आहे ते त्यामागचं कारण. खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी हा नियम नाही. जगातल्या मधमाशा वाचाव्यात म्हणून आहे, म्हणजे आपल्या बांधावरच्या मधमाशासुद्धा. अनेक निर्यातदार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की हा व्यापारात घातलेला खोडा आहे.

आमच्या बागायतदारांतही अशा नियमांना 'युरोपची नाटकं' म्हणायची रीत आहे. त्यांचा राग मला समजतो. ऐन हंगामात नियम बदलतो, पर्यायी औषध दुप्पट महाग असतं, डब्याचा भाव मात्र तोच राहतो; खर्च सगळा या टोकाला. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि माल आफ्रिकेला वळसा घालून दोन आठवडे उशिरा पोहोचू लागला. वाढलेलं भाडं तेव्हाही शेवटी बागेवरच उतरलं. पण मधमाशीसाठी केलेल्या नियमाला नाटक म्हणणं मला पटत नाही. मधमाशीची बाजू तिकडच्या एका नियमाने घेतली, तर पेस्टिंग करणाऱ्या बाईची बाजू घेणारं कलम का असू नये? आणि ते त्यांनीच का सुचवायचं?

भारत-युरोप व्यापार कराराची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये थांबली, 2022 मध्ये पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी 2026 मध्ये पूर्ण झाली. अशा प्रत्येक टेबलावर आपली मागणी एकच असते: शुल्क कमी करा, दार उघडा. मला आणखी तीन मागण्या हव्या आहेत. तुमच्या शेतात जे रसायन चालत नाही ते आम्हाला विकू नका, आणि त्याला पर्याय शोधायच्या संशोधनाचा खर्च आमच्याबरोबर उचला. नुसती बंदी लादली तर गरम हिवाळ्यातली बाग फुटणार नाही, आणि मजुराचं कामही जाईल. दुसरी: नियम बदलायचा तर एक पूर्ण छाटणी ते काढणी एवढी मुदत द्या, आणि त्याचा खर्च डब्याच्या भावात दिसू द्या. तिसरी आपल्याच सरकारकडे: मजुराच्या आरोग्याची तपासणी आणि बागेच्या पाण्याची मोजणी ग्रेपनेटच्या नोंदणीत सक्तीची करा, मण्यातल्या अवशेषाच्या रिपोर्टइतकीच सक्तीची. तिच्याशिवाय गाडी हलता कामा नये. तेव्हाच आमच्यासारखे बागायतदार चांगले मोजे आणतील, मोजे फाटले की बदलतील, आणि दुपारच्या उन्हात पेस्टिंग थांबवतील.

आणि आपलं देशी गिऱ्हाईक? नाशिकच्या हातगाडीवर एप्रिलमध्ये साठ-सत्तर रुपयांनी जी द्राक्षं मिळतात, त्यांचा रिपोर्ट आजवर कोणी मागितलेला मी पाहिला नाही. एक्सपोर्टच्या प्लॉटमध्ये कोणतं औषध काढणीआधी किती दिवस बंद, याचा तक्ता भिंतीला लावलेला असतो. लोकलच्या प्लॉटला तक्ता नसतो. आपल्या पोरांच्या तोंडात जाणाऱ्या घडाची चौकशी डच कुटुंबापेक्षा कमी का व्हावी, हे मी पंचवटीतल्या माझ्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "दादा, विचारू कोणाला? गाडीवाल्याला?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजार समितीत आणि फळबाजारात नमुने घेऊन त्याच दिवशी फलकावर निकाल लावायची सोय महापालिकेने आणि अन्न-औषध खात्याने केली, तर तिला विचारायला जागा मिळेल.

गेल्या हंगामात मी एक केलं. फवारणीच्या वहीत पेस्टिंगच्या तारखेपुढे नेहमी वडिलांचं नाव लिहिलेलं असायचं. तिथे मी काम करणाऱ्या अकराही जणींची नावं लिहिली, प्रत्येकीला किती मोजे दिले तेही लिहिलं. नावं विचारत ओळीतून फिरत होतो तेव्हा एक मावशी डबा खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊ, नाव कशाला? पैसे कापणार का?" नाही म्हटलं, तुमच्या हाताला काही झालं तर कागदावर असावं म्हणून. त्यांनी लाल झालेला हात पदराला पुसला आणि नाव सांगितलं, आधी स्वतःचं, मग गावाचं.